दोन गिटारी, एक मंडप

अकूस्टिक गिटार हे विजेशिवाय वाजणारे वाद्य आहे, आणि मंडपातली वीज गेली की सगळ्यांत आधी तेच ऐकू येईनासे होते. ढोल चालू राहतो, संबळ चालू राहते, भजनी मंडळाचे टाळ तर उलट जोर धरतात. गिटारवाले दोघे मात्र नुसते हातवारे करणारे दोन इसम उरतात. म्हणून दोन गिटारींच्या सहवादनाचे तंत्र कसे सुधारावे याचा विचार सभागृहापासून सुरू न करता मंडपापासून करणे बरे. मंडप आखाडा बाळापूरचा असेल तर अभ्यासक्रमातला एकही धडा सुटत नाही.

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले, हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. अशा गावात दोघा गिटारवाल्यांना बोलावणे येते ते हळदीच्या रात्री, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, नाहीतर एखाद्या गुरुजींच्या सेवापूर्ती सोहळ्याला. हळद हे तर जिल्ह्याचेच पीक. शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नवरदेवाला लावायची हळद त्यामुळे इथे मोजून लावत नाहीत, आणि तिचा काही भाग गिटारीच्या पांढुरक्या फळीवर कायमचा मुक्कामाला येतो. हा डाग निघत नाही. अनुभवी वादक त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र मानतात.

दोघांनी मिळून रात्र उभी करायची ही कल्पना गिटारीबरोबर आलेली नाही. गोंधळात मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मधे अडवून शंका विचारतो. संबळ एकाकडे, तुणतुणे दुसऱ्याकडे. तुणतुण्याला तार एकच आणि ती रात्रभर एकाच सुरात वाजते. ‘मलाही संबळाचा एक तुकडा वाजवू द्या’ अशी मागणी तुणतुणेवाल्याने केल्याची नोंद नाही. अलीकडचे उदाहरण हवे तर संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा 2003 पासूनचा कार्यक्रम आहे. एक कवी, एक संगीतकार, कामाची वाटणी घरूनच झालेली. गिटारवाल्यांची पंचाईत इथेच होते. दोघांच्या हाती एकच वाद्य असते, दोघांनी ते बहुधा एकाच मास्तरांकडे शिकलेले असते, आणि दोघांनाही तीच चार गाणी येत असतात.

पण आधी वाद्याची प्रकृती. गिटारीच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेत याच्या निम्मीही सापडणे मुश्कील. पारा चाळिशी ओलांडतो, लाकूड सुकते, वरची फळी किंचित खाली बसते, तारा फ्रेटला टेकू लागतात आणि प्रत्येक स्वरामागे एक बारीक खरखर चिकटते. फ्रेटबोर्ड आकसला की फ्रेटची धातूची टोके कडेने बाहेर डोकावतात आणि डावा तळवा ओरबाडून काढतात. जुलैत याच्या अगदी उलट. फळी फुगते, तारा उंचावतात, आणि एफची कॉर्ड दाबताना वादकाच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला श्रोते भावविभोरता समजतात. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिलीखाली दोनच्या आसपास अंतर असले की हाताला त्रास होत नाही. दोन्ही गिटारींचे अंतर सारखेच हवे असे नाही. जो ठोकून वाजवतो त्याच्या तारा थोड्या वर आणि जो बोटांनी छेडतो त्याच्या थोड्या खाली ठेवाव्यात.

केसमध्ये ओल्या स्पंजाची, भोके पाडलेली डबी ठेवणे हा उन्हाळ्यावरचा स्वस्त उपाय. त्याहून सोपा उपाय म्हणजे गिटार कूलरच्या खोलीत, पण थेट झोताबाहेर ठेवणे. लग्नसराईत यामुळे कूलरची खोली गिटारीला आणि पत्र्याची खोली पाहुण्यांना अशी वाटणी होते, आणि संगीताच्या साधनेला घरातून पहिला विरोध इथे सुरू होतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मात्र गिटार कधीच ठेवू नये. आतल्या उष्म्याने गोंद सैल पडतो आणि ब्रिज फळीपासून सुटू लागतो. ‘लाइट’ नावाने विकल्या जाणाऱ्या, 0.012 इंचाच्या पहिल्या तारेच्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या घरात असतो. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस ब्रिजला लोंबकळतो आहे असे समजावे, म्हणजे गोंदाची काळजी आपोआप घेतली जाते. मनगट दुखत असेल तर 0.010 चा संच वापरावा. आवाज थोडा कमी होतो, पण माइक असताना त्याचे दुःख करू नये.

तारा नांदेडहून आणाव्यात किंवा घरपोच मागवाव्यात. मागवताना पत्त्यात ‘आखाडा’ हा शब्द गाळू नये. अकोला जिल्ह्यातही एक बाळापूर आहे, ते तालुक्याचे ठिकाण आहे, तिथे किल्ला आहे, आणि पार्सलांना किल्ल्याची ओढ असते. नव्या तारा कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी चढवून, हाताने हलक्या ओढून बसवून घ्याव्यात. दोघांनी त्या एकाच दिवशी बदलणे महत्त्वाचे. एकाच्या तारा कोऱ्या आणि दुसऱ्याच्या दिवाळीपासून मुरलेल्या असल्या की एक गिटार खणखणते, दुसरी कण्हते, आणि दोष मात्र साउंडवाल्याच्या माथी जातो.

सूर जुळवणे हा वरवर पाहता पाच मिनिटांचा विषय आहे. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. आणि ‘ए’ म्हणजे 440 हर्ट्‌झ हे जगाने मान्य केलेले माप. एका गिटारीचा ए 440 वर आणि दुसरीचा 442 वर असेल तर दोन्ही स्वर एकमेकांना धक्के देतात आणि सेकंदाला दोनदा आवाज वरखाली हेलकावतो. एकट्या वादकाची सगळी गिटार दोन हर्ट्‌झने चढली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. एकट्याच्या बेसूरपणाला शैली म्हणता येते. दोघांत ती सोय नाही. म्हणून ट्यूनर एकच वापरावा आणि तो दोघांत फिरवावा. माथ्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर हवेतून आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर मोजतो. त्यामुळे मंडपातल्या गोंगाटात तो एरवी चांगला चालतो. रस्त्यावरून डीजेची वरात निघाली की मात्र गिटारीचा माथाच त्या ठोक्याने थरथरू लागतो आणि ट्यूनर डीजेचा सूर दाखवतो. अशा वेळी वरात पुढे सरकेपर्यंत थांबावे. वरात पुढे सरकायला किती वेळ लागतो याचे कोष्टक अजून कोणी बनवलेले नाही.

दुसरी अडचण हॅलोजनची. पोलादी तार तापली की लांबते आणि तिचा सूर उतरतो. कूलरच्या खोलीत अचूक जुळवलेल्या दोन गिटारी स्टेजवरच्या दिव्याखाली दहा मिनिटांत उतरतात, आणि त्याही सारख्या नाही, दिव्याजवळची जास्त. कार्यक्रमाआधी वाद्ये पंधरा-वीस मिनिटे स्टेजवरच, जिथे वाजवायची तिथे ठेवून मग सुरात लावली तर हे टळते. त्या वेळात शेजारी कोणीतरी बसून राहावे. लहान मुलांना गिटारीच्या खुंट्या फिरवून पाहण्याची जिज्ञासा असते.

पट्टी ठरवताना मराठी गायक आणि गिटारवादक यांच्यात भाषेचा प्रश्न येतो. गाणारी ताई ‘काळी चार’ म्हणते, मास्तर ‘काळी दोन’ म्हणतात; ही पेटीवरची मोजणी आहे आणि ती गिटारवाल्याने पाठ करावी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प. या पट्ट्यांत मोकळ्या तारांच्या सोप्या कॉर्ड बसत नाहीत, म्हणून कॅपो. कॅपो एक फ्रेट वर सरकवला की सगळी गिटार अर्ध्या स्वराने चढते. काळी दोनसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून डीच्या आकारात वाजवता येते, तिसऱ्यावर लावून सीच्या, सहाव्यावर लावून एच्या. एकाच गाण्याला तीन दारे आहेत, आणि दोन गिटारवाल्यांच्या सगळ्या सुखाचे मूळ इथे आहे. बहुतेक जोड्या तरीही एकाच दारातून एकदम शिरण्याचा प्रयत्न करतात.

या प्रकाराचे सर्वोत्तम तांत्रिक परीक्षण कोणत्याही संगीत विद्यालयात होत नाही. ते मंडपात, पहिल्या रांगेत, पैसे देणाऱ्या मामांकडून होते: “दोघं बी एकच वाजवायलेत, मग दुसऱ्याचे पैसे कशाचे?” प्रश्न कठोर आहे, पण सहवादनाच्या तंत्राची याहून नेमकी मांडणी सापडणे कठीण. दोघांनी तीच कॉर्ड, त्याच जागी, त्याच ठोक्यात वाजवली तर आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त गढूळ होतो. जिथे ठोके किंचित मागेपुढे पडतात तिथे तर दोघांचे मिळून एकापेक्षा कमी ऐकू येते. उपाय असा की एकाने खाली राहावे आणि दुसऱ्याने वर जावे. गाणे जीमध्ये असेल तर पहिल्याने कॅपोशिवाय जी, सी, डी आणि ई मायनर वाजवावे. दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून त्याच जागी डी, जी, ए आणि बी मायनरचे आकार धरावेत. सूर तेच, पण एक भरदार आणि एक किणकिणता. सातव्या फ्रेटवर सीच्या आकारात गेले तर किणकिण आणखी वाढते. बाराव्या फ्रेटच्या पुढे जाऊ नये; तिथे गिटार मेंडोलिनचा आव आणते आणि कोणाची फसगत होत नाही.

वाटणी फक्त उंचीची पुरत नाही, कामाचीही लागते. एक ठेका धरतो तेव्हा दुसऱ्याने सुटे स्वर छेडावेत. एक आलाप घेतो तेव्हा दुसऱ्याने कॉर्ड अर्ध्यावर आणावी. आणि गाणारा गात असताना दोघांनीही आपापल्या खास जागा पाकिटात ठेवाव्यात. मेक्सिकोहून आयर्लंडला जाऊन रस्त्यावर वाजवत नाव कमावलेल्या रोड्रिगो आणि गॅब्रिएला या जोडीत तो सूर वाजवतो आणि ती ठेका धरते. ती तारा छेडता छेडता गिटारीच्या अंगावर बोटांनी आणि तळव्याने असा ताल धरते की ढोलकीवाल्याची उणीव भासत नाही. हळदीच्या रात्री ढोलकीवाला ऐनवेळी दुसऱ्या लग्नाला निघून गेलेला असतो, तेव्हा ही विद्या विशेष उपयोगी पडते. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रांची गिटार, शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. तिघेही आपल्या वाद्यात पारंगत, पण कान देऊन ऐकले तर लक्षात येते की त्यांतला प्रत्येक जण बराच वेळ थांबलेला आहे. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला 1994 मध्ये ग्रॅमी मिळाला, तिथेही दोन गिटारी एकमेकींना बोलणे पूर्ण करू देतात. जोडी दोघांची म्हणून गाजली, साथीला मात्र तबला आणि आणखी एक तालवाद्य होते. ढोलकीवाल्याला शेवटपर्यंत थांबवून घेण्याला आंतरराष्ट्रीय आधार आहे तो हा.

गप्प बसणे हा तंत्रातला सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याचा सराव कोणी करत नाही. सराव सोपा आहे: एकाने आठ आवर्तने वाजवायची आणि दुसऱ्याने हात मांडीवर ठेवून फक्त पायाने मात्रा मोजायच्या. तिसऱ्या आवर्तनाला मांडीवरचा हात उठतो. पाचव्याला त्याची बोटे हवेत कॉर्ड धरतात. सातव्याला तो माइकजवळ तोंड नेऊन ‘थँक्यू’ म्हणतो. आठही आवर्तने शांत बसणारा वादक मिळाला तर त्याला सोडू नये, मग त्याला बॅर कॉर्ड येवोत न येवोत.

उजव्या हाताचा विषय इथे मोठा आहे, कारण बाळापूरच्या श्रोत्याचा कान ठेक्यावर तयार झालेला असतो. संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. भजनी ठेका इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. समेवर न आलेला गिटारवाला पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या मानेवरून ओळखता येतो, कारण मान समेवर येते आणि गिटार येत नाही. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ती न क धी न, आधी तोंडाने म्हणाव्यात आणि मगच पिक हातात घ्यावे. ‘धा’वर अंगठ्याने किंवा पिकने जाड तार, ‘ना’वर वरच्या तीन तारांचा आखूड फटकारा, आणि मधल्या मात्रांवर हात खालीवर होत राहील पण तारेला स्पर्श करणार नाही. हा रिकामा फेरा फार मोलाचा. हात थांबला की लय थांबते, हात चालू राहिला की न वाजलेली मात्राही जागेवर राहते. ठोकणाऱ्याने पातळ, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे पिक वापरावे; सूर काढणाऱ्याने एक मिलिमीटरचे किंवा त्याहून जाड. फटकारा मनगटातून सुटावा. खांद्यातून सुटणारा फटकारा कडबा तोडायला ठीक.

बोटांनी छेडणाऱ्याने अंगठ्याकडे चौथी, पाचवी आणि सहावी तार द्यावी. तर्जनीकडे तिसरी, मधल्या बोटाकडे दुसरी, अनामिकेकडे पहिली. अंगठा दोन जाड तारांवर आलटूनपालटून, मोटेच्या बैलासारखा न चुकता चालला पाहिजे. बाकी बोटे मागून आपली वाट काढतात. नखे थोडी वाढवली तर आवाज स्वच्छ येतो. पण शेतातल्या मोटारीचा स्टार्टर, ट्रॅक्टरचे हुक आणि सोयाबीनची काढणी यांनी आजवर गिटारवाल्यांची जेवढी नखे तोडली तेवढी पोलादी तारांनी तोडलेली नाहीत. ज्यांचे नख हंगामात टिकत नाही त्यांनी बोटाच्या पेराने वाजवायची सवय लावावी. आवाज मऊ येतो, आणि मऊ आवाज दुसऱ्या गिटारीच्या खाली नीट बसतो.

डाव्या हाताबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फ्रेटच्या अगदी मागे दाबावे, लागेल तेवढाच जोर लावावा, अंगठा मानेच्या मागे ठेवावा. बहुतेक वादक गरजेच्या दुप्पट दाबतात, आणि दाबलेली तार चढते. कॅपो लावल्यावरही ती थोडी चढते, म्हणून कॅपोनंतर पुन्हा सूर पाहावा. खरी गोम कॉर्डच्या निवडीत आहे. मराठी भावगीते आणि अभंग रागांवर उभे असतात, आणि राग कॉर्डच्या पुस्तकातून आलेले नाहीत. यमनमधल्या गाण्यात सा म्हणजे सी धरला तर एफची कॉर्ड सरळ शुद्ध मध्यम घेऊन येते आणि यमन तिथेच संपतो. त्या जागी डी मेजर धरली तर तीव्र मध्यम मिळतो. शंका असेल तिथे कॉर्ड न धरता नुसते सा आणि पंचम वाजवत राहावे. तुणतुणेवाला तेच करत आला आहे आणि त्याच्यावर कोणी आक्षेप घेतलेला नाही.

सराव मेट्रोनोमवर मिनिटाला 60 ठोक्यांनी सुरू करावा. मग ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असे मानावे. मग फोन उशीखाली ठेवून पाहावे की दोघे एकत्र राहतात का. एकत्र राहत नाहीत. दोघांची स्वतःची अशी एक धाव असते. एक भूक लागली की पळतो आणि दुसरा झोप आली की मागे पडतो. यावर इलाज म्हणजे प्रत्येकाचे वादन वेगळे ध्वनिमुद्रित करून दोघांनी मिळून ऐकणे. हे ऐकण्याचे काम चहा झाल्यावर करावे, आधी नाही. आणि ‘तू’ने सुरू होणारी वाक्ये टाळावीत.

बैठकीलाही शास्त्र आहे. गिटारवाल्याला हात नसलेली खुर्ची लागते. मंडपवाल्याकडे असतात त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना दोन्ही बाजूंनी हात असतात आणि गिटार त्यात अडकते. उरतो तो नवरा-नवरीचा सोफा, पण तो त्या दिवशी मोकळा नसतो. शाळेतून दोन स्टूल आणणे उत्तम. दोघांनी एकमेकांकडे थोडे तिरके, हाताच्या अंतरावर बसावे. उन्हाळ्याच्या गरम हवेत आवाज सेकंदाला साधारण 355 मीटर जातो, म्हणजे एक मीटर ओलांडायला त्याला तीन हजारांश सेकंदही लागत नाही. दोघे स्टेजच्या दोन टोकांना, दहा मीटरवर बसले तर हाच उशीर तीस हजारांशाच्या जवळ जातो आणि प्रत्येकाला दुसरा मागे पडल्याचा भास होतो. दोघेही मग दुसऱ्यासाठी थांबतात, आणि गाणे हळूहळू झोपी जाते. आयोजकांना सजावट बरोबर मधोमध हवी असते म्हणून वादकांना टोकाला बसवतात. फुलांची कमान मागे सरकवता येते, हे त्यांना आधीच पटवावे.

ध्वनिव्यवस्थेत पहिला शत्रू भोंगा. कर्ण्याच्या आकाराचा हा लाउडस्पीकर साधारण 300 हर्ट्‌झच्या खालचे स्वर नीट देत नाही. गिटारीची सहावी मोकळी तार 82 हर्ट्‌झवर वाजते आणि पहिली 330 वर. म्हणजे सहापैकी पाच मोकळ्या तारांचा मूळ स्वर भोंग्यातच अडकतो. अंगठ्याने केलेली खर्जाची सुंदर चाल वादकाला आणि जवळ बसलेल्या आजोबांना ऐकू येते. वेशीपर्यंत जाते ती फक्त वरची खणखण. भोंगे असतील तर सूर वाजवणाऱ्याने पाचव्या-सातव्या फ्रेटच्या पुढे राहावे. त्यातही एक भोंगा शंभर मीटरवर शाळेजवळ बांधलेला असतो. त्यातून आलेला आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा परत पोचतो. मध्यम लयीच्या केरव्यात तेवढ्यात जवळजवळ एक मात्रा निघून जाते. शाळेकडून येणाऱ्या स्वतःच्या गिटारीबरोबर जुगलबंदी करू नये. ती जिंकता येत नाही.

दुसरा शत्रू शिट्टी. गिटारीच्या पोकळीतली हवा 100 हर्ट्‌झच्या आसपास घुमते; मोठे स्पीकर जवळ असले की ती तिथेच गुरगुरू लागते आणि आवाज वाढत वाढत सगळा मंडप कान झाकतो. ध्वनिछिद्रावर रबराचे झाकण बसवावे, मिक्सरवर त्या पट्ट्यातला आवाज थोडा उतरवून घ्यावा, आणि स्पीकर वादकांच्या पुढे ठेवावेत, पाठीमागे नाही. गिटारीत पिकअप असेल तर थेट वायर लावल्याने बराच त्रास वाचतो. साउंडवाल्याशी गोडीने बोलावे. त्याला ‘इको’ फार प्रिय असतो. निवेदकाच्या नावाला इको शोभतो. दोन गिटारींना इको दिला की त्या चार होतात, आणि मामांचा प्रश्न आणखी धारदार होतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमात तीन आपत्ती ठरलेल्या असतात. पहिली, तार तुटणे. बहुधा पहिलीच तार तुटते आणि बहुधा सूर वाजवणाऱ्याची. तेव्हा ठेकेवाल्याने थांबायचे नसते. त्याने आवर्तन चालू ठेवावे आणि दुसऱ्याने वाकून तार बदलावी. “काहून थांबले?” ही हाक यायच्या आत ती बदलून होत नाही, पण ठेका चालू असला की हाक सौम्य येते. दुसरी आपत्ती, लाइट जाणे. तिच्यासाठी दोन गाणी अशी तयार ठेवावीत की जी उठून, पुढच्या तीन रांगांत चालत वाजवता येतील. तिसरी आपत्ती, फर्माईश. दोन गिटारींसमोर माणूस हमखास ‘झिंगाट’ मागतो. ‘सैराट’ 2016 चा. त्याच्या संगीतातला सिंफनीचा भाग लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेला आहे. तेवढे सगळे दोन गिटारींत बसत नाही. ठेका बसतो. जाड तारेवर तळवा अर्धवट ठेवून बंद आवाजात ठोका, दुसऱ्याने वरच्या तारांवर फटकारे. नाचणाऱ्यांना उरलेला वाद्यवृंद आपोआप ऐकू येतो.

गाणे संपवणे हे सुरू करण्यापेक्षा अवघड. दोघांपैकी एकाला नेहमी वाटते की अजून एकदा धृपद आहे. यावर डोळ्यांची खूण, मानेचा झटका वगैरे उपाय सुचवले जातात, पण हॅलोजनच्या उजेडात डोळे दिसत नाहीत आणि मान आजोबांचीही हलत असते. तिहाई हा सगळ्यांत खात्रीचा उपाय. केरव्याच्या समेवर पाच मात्रांचा तुकडा सुरू करायचा, एक मात्रा सोडायची, पुन्हा पाच, पुन्हा एक सोडायची, पुन्हा पाच. एकूण सतरा होतात. दोन आवर्तनांच्या सोळा संपून शेवटचा ठोका बरोबर समेवर पडतो. दोघांनी एकदा हे पाठ केले की गाण्याच्या शेवटाबद्दल वाद राहत नाही, आणि ज्याला गिटारीतले काहीच कळत नाही तोही तिसऱ्या तुकड्याला हात उचलून तयार असतो.

शेवटची भैरवी. रे, ग, ध, नी कोमल. सा म्हणजे सी धरला तर डी फ्लॅटची मेजर कॉर्ड भैरवीत चपखल बसते, कारण तिच्यात कोमल रिषभ, मध्यम आणि कोमल धैवत असतात. एका गिटारीने सी मायनरवर थांबून राहावे आणि दुसरीने वरून एकेक स्वर सोडावा. भैरवी दहाच्या आत संपवावी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके, जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकते, पण त्या दिवसांत मामांच्या पुतण्याच्या हळदीचा समावेश नसतो. भैरवीनंतर कोणी आणखी एक गाणे मागितले तर ते माइकशिवाय वाजवावे.

आवरताना आधी गिटारीतली वायर काढावी. ती आत राहिली तर पिकअपची नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर जळते आणि पुढच्या कार्यक्रमाला मृत निघते. घामट तारा कोरड्या फडक्याने वरून आणि खालून पुसाव्यात. स्टूल शाळेला परत करावेत. कॅपो मोजून घ्यावेत; दोन आणलेले असतात, आणि मंडपातल्या पोरांना ते चिमटे म्हणून फार आवडतात.